देवाच्या नावावर घेतलेली गाडी

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि ती तर माझ्या पावलांच्या आवाजावरून माझं डोकं फिरलंय की नाही ते ओळखते. सांगायला घेतलं की राग येतो. कुणाचा, ते कळेल तुम्हाला. रागात माणूस भलतंच काहीतरी बोलून मोकळा होतो, मी आजवर तेच केलं. आज बसा जरा. मध्ये बोलू नका.

मी बोटीवर होतो. इंजिनरूममध्ये, तेलपाणी बघायला. आमच्या तोंडवलीत बोटीवरून आलेल्या माणसाला मान असतो — त्याचं घड्याळ, त्याचा रेडिओ, त्याचं मत, सगळंच परदेशी. मग एका वर्षी कंपनीने मला परत बोलावलंच नाही. गावात मी सांगितलं, मीच सोडली. हेही खोटंच, पण त्याचं मला फार काही वाटत नाही. असं खोटं सगळेच बोलतात.

खरी गोष्ट गाडीची.

तेव्हा आमच्या किनाऱ्यावर नुकते कुठे पर्यटक यायला लागले होते. माझा धाकटा भाऊ बबन दुसऱ्याचा मासळीचा टेम्पो चालवायचा. आम्ही ठरवलं — घरची गाडी घ्यायची, आठ-नऊ माणसं बसतील अशी. कुडाळ स्टेशनवरून पाहुणे आणायचे, गोवा दाखवायचा, परत सोडायचे. बबनचं लग्न ठरलं होतं, त्याला दुसऱ्याचा टेम्पो सोडून स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. माझी शिल्लक आणि त्याचे हात, एवढंच आमचं भांडवल. चुकलं तर दुसरी गाडी होणार नव्हती.

बबनला कोल्हापूरच्या शोरूममधली नवी हवी होती. देशी. दिसायला डबा, आत आवाज, चढाला रडणारी. मला हवी होती ती गोव्यातल्या एका हॉटेलवाल्याने विकायला काढलेली जपानी. वापरलेली होती, पण काय गाडी हो! सरकता दरवाजा, मागच्या सीटपर्यंत गार वारा. इंजिन सुरू केलं तर बॉनेटवर हात ठेवून बघावं लागे, चालू आहे की बंद. मी तिच्याभोवती फिरलो आणि मला माझी बोट आठवली. बबन खाली वाकला, पत्र्याला लागलेला गंज नखाने खरवडला आणि एवढंच म्हणाला, "दादा, जेचे पार्ट कसालात गावतत, ती गाडी आपली."

कसाल म्हणजे आमचं हायवेवरचं गॅरेजचं गाव; जिचे पार्ट तिथे मिळतात तीच गाडी घ्यायची. त्याचं म्हणणं सरळ होतं, शहाण्या माणसाचं होतं. आणि म्हणूनच मला झोंबलं. आयुष्य इंजिनाच्या पोटात काढलेल्या माणसाला हा मासळीचा टेम्पोवाला शिकवणार? आठवडाभर घरात धुसफूस. शेवटी आई म्हणाली, भांडू नका, देवाला विचारा.

आमच्याकडे असं काही अडलं की कौल लावतात. बाहेरच्यांसाठी सांगतो — गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवी कळी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. त्यानंतर घरात कुणी वाद घालत नाही.

बबन टेम्पो घेऊन गेला होता, आईचे गुडघे धरले होते. आमचं मूळ देवस्थान आत, लांबच्या गावात. मी एकटाच गेलो.

इथवर आलो की मी नेहमी थांबतो. मनातल्या मनात सांगतानासुद्धा. ताकाला जाऊन भांडं किती लपवायचं?

गुरवाने विचारलं, जुनी जपानी गाडी घ्यावी काय, महाराजा? डावी कळी पडली. मी म्हटलं, पुन्हा विचारा. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण विचारलं. पुन्हा डावी. गुरवाने प्रसाद दिला आणि दुसऱ्याच्या गाऱ्हाण्याला वळला. त्याच्यासाठी ते तेवढंच होतं.

घरी येऊन मी सांगितलं, "देवान उजवो दिल्यान."

बबनने हात जोडले. एका शब्दाने वाद घातला नाही. तुम्ही म्हणाल, कळीच ती, वाऱ्यानेही पडते. पडत असेल. देवाला गाड्यांतलं कळतं की नाही, मला ठाऊक नाही. पण माझ्या भावाने गाडीपुढे हात टेकले नव्हते, माझ्या हुशारीपुढेही नाही. त्याने देवापुढे टेकले होते, आणि तिथे देव नव्हताच. मी होतो.

गाडी आली. पाठोपाठ, त्याच महिन्यात, बबनची बायको आली. वैशाली. दोडामार्गकडची, केळीच्या बागांतून आलेली हसरी पोर. पहिले काही महिने बरे गेले. मग ऐन मे महिन्यात, पाहुण्यांनी भरलेली गाडी कसालच्या अलीकडे उभी राहिली. इंजिनाचा हेड गेला. कसालच्या गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून बघितलं आणि लावून टाकलं. पार्ट मुंबईहून यायचा, तोही आला तर. हंगाम गेला. दुरुस्त झाली, पुन्हा बसली. खालून समुद्राच्या वाऱ्याने पत्रा खाल्ला. बबन परत दुसऱ्याच्या टेम्पोवर.

आता बघा. गाडी देवाने दिलेली. देवाने दिलेली गाडी वाईट असेल कशी? मग वाईट काय? घरात त्यानंतर काय आलं?

आई एकदा चुलीपुढे बसून म्हणाली, "देव खोटो पडणा नाय. खोटा जा काय आसा, ता मागसून घरात इला."

वैशाली तिथेच खोबरं किसत होती. मीही तिथेच होतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती आमच्या स्वयंपाकघरात रोज थोडी थोडी दिली गेली. शेजारणी होडीला नवं जाळं चढवताना तिला पूजेला हाक मारीनाशा झाल्या. बबन तिला काही बोलायचा नाही, पण तिच्याशीही बोलायचा नाही. आणि मी? मला त्या सगळ्यांचा संताप यायचा. आईचा, शेजारणींचा, पायगुणावर विश्वास ठेवणाऱ्या सगळ्या गावाचा. केवढा सुधारक मी! एक वाक्य बोललो असतो तर सगळं थांबलं असतं. मी संतापत राहिलो आणि जेवत राहिलो.

एका दुपारी मी गाडीखाली काहीतरी ठोकत होतो. ती चहा घेऊन आली. कप ठेवला, पण गेली नाही. मग हळूच म्हणाली, "दादा, कौल खराच उजवो होतो मां?"

तिने कसं ओळखलं? माहीत नाही. कदाचित ओळखलं नव्हतंच. बुडणारं माणूस हात मारतं, तसं विचारलं असेल. बोलायची याहून सोपी वेळ मला पुन्हा कधी आली नाही. मी गाडीखालून बाहेर आलो आणि ओरडलो. सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडलो —

"देवावर संशय घेतंस? गाडी मोडलंस ती मोडलंस, आता देव पण मोडतंस?"

तोवर मी नुसता गप्प होतो. त्या दिवशी मी तिच्यावर शिक्का मारला.

त्या वर्षीच्या जत्रेत तिने देवळाभोवती लोटांगण घातलं. त्याच देवळाभोवती. ओल्या साडीने, मातीतून, खड्यांतून, आपला पायगुण सुधारावा म्हणून. कोपरं सोलली. माणसं बाजूला सरून वाट देत होती, काही जणी तिच्या पाया पडत होत्या. मी गर्दीत उभा होतो. तिची कोरडी साडी आईने माझ्याकडे धरायला दिली होती. गुरव पलीकडेच उभा होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. मी दुसरीकडे बघितलं.

जपानी गाडी पुढे भंगारात गेली. आई गेली. बबन गोव्यात गाड्या चालवून चालवून पुन्हा उभा राहिला आणि काही वर्षांनी कोल्हापूरहून नवी देशी गाडी घेऊन आला. अंगणात हार, हळदकुंकू, वाडीतली पोरं. बबनने नारळ माझ्या हातात दिला. घरात मोठा मी.

वैशाली अंगणात नव्हती. सकाळीच मागच्या पडवीत जाऊन बसली होती, गाडी पहिल्यांदा रस्त्याला लागेपर्यंत समोर यायचं नाही म्हणून. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगावं लागत नाही.

मी नारळ फोडला, बबनने गाडी रस्त्यावर काढली. खोबऱ्याचा तुकडा घेऊन मागे गेलो. आत्ता सांगू, असं मनात आलं होतं, नाही असं नाही. तिने पदराने हात पुसले, प्रसाद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि विचारलं, "बरी सुटली मां, दादा?"

मी म्हटलं, सुटली. आणि पुढे अंगणात गेलो.