पाठीवरची टाकी

कर्वेनगरच्या उल्काताई दामल्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि फळ्यावर निळ्या खडूने समुद्र रंगवले. निवृत्त झाल्यावर त्या खऱ्या समुद्राच्या तळाशी जाऊ लागल्या. पुण्याला समुद्र नाही हे त्यांना सांगू नये, तेही त्यांनीच शिकवलंय.

पाठीला बांधायच्या स्टीलच्या प्लेटवर हवेच्या दोन टाक्या बसवायच्या, म्हणून त्या परवा बाळ रानड्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या.

"टाकी बसवायला बोल्ट हवेत."

"गच्चीवर की बाथरूममध्ये?" रानड्यांनी मान वर न करता विचारलं.

"पाठीवर."

त्यांनी मान वर केली. "पाणी किती मावतं?"

"टाकीत हवा असते. पाणी बाहेर असतं."

रानड्यांनी काउंटरवर दोन बोल्ट ठेवले. दोन्ही स्टेनलेस, दिसायला अगदी सारखे. "हा साधा. हा खाऱ्या पाण्यात टिकणारा, महाग आहे."

"साधा गंजून तुटला तर?"

"बदलून देऊ. बिल नसलं तरी चालेल." रानड्यांनी चष्मा पुसला. "फक्त ग्राहकाने स्वतः यायला हवं."

उल्काताईंनी महागातले घेतले. बिलही मागून घेतलं.