भवानीचं गिऱ्हाईक

"या, या. भवानी तुमच्या हातची. काय हवं ते मागा, रिकाम्या हाताने पाठवणार नाही."

रत्नागिरीच्या बाजारात माझा ब्लाउज शिवायचा गाळा. त्याला लागून शेटचं दुकान. रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला त्यांचं हे ठरलेलं बोलणं. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हे तुम्हाला मी सांगायला नको. सगळा बाजार ती मानतो, पण शेट मानायचे म्हणजे अतीच. त्यांचं दुकान जाळी, दोर आणि ताडपत्रीचं. एकदा सकाळी एक आजोबा चुकून खोबरेल तेल मागत आले. शेटनी त्यांना स्टुलावर बसवलं, समोरच्या वाण्याकडून तेल आणलं आणि आणल्या भावात दिलं. मी म्हटलं, "शेट, हा कसला धंदा?"

"वैनी, पहिला माणूस हिरमुसून गेला की दिवस नासतो."

दोर विकायची तऱ्हाही न्यारी. एक टोक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, दुसरं स्वतः धरायचे आणि म्हणायचे, "ओढा." गिऱ्हाईक दर्यावर्दी असलं की शेट पायरी उतरून रस्त्यात. मी मशीन थांबवून बघत बसायचे. फुकटची करमणूक कोण सोडतो?

हा माणूस पुढे राज्याचा मंत्री झाला. हसू नका. बाजारातलं गटार तुंबलं म्हणून नगरपालिकेत भांडायला गेले, पुढच्या खेपेला तिथेच निवडून गेले, मग आमदार झाले. भाषण विसरले की दुकानातलंच बोलायचे, "बघून घ्या. पसंत नाही पडला तर परत करा." लोक हसले आणि मतं देऊन मोकळे झाले. दुसऱ्यांदा आमदार झाले तेव्हा राज्यमंत्रिपद मिळालं. सरकारी गाडी आमच्या गल्लीत वळेना, तेव्हा शेट उतरून चालत आले आणि माझ्या दारात उभं राहून म्हणाले, "वैनी, चहा टाकताय काय?"

गावात आले की दुकानाच्या माडीवरच लोकांना भेटायचे. आणि भवानीची खोड तिथेही सुटली नाही. सकाळी जो पहिला येईल त्याचं काम करायचंच. सुरुवातीला बरं चाललं. संगमेश्वरकडची एक म्हातारी पहिली आली, तिच्या वाडीची बंद पडलेली एस.टी. पुन्हा सुरू झाली. गुहागरच्या एका मुलीला वसतिगृहात जागा मिळाली. पण बाजारात गुपित टिकतंय काय? दलाल उजाडायच्या आत जिन्यावर येऊन बसायला लागले. मी शेटना बजावलं.

"वैनी, देव कुठल्या रूपात येईल सांगता येतं काय?"

"देव असले चकचकीत बूट घालून येत नाही," मी म्हटलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

एका सकाळी पहिला आला तो त्यांच्याच पक्षातला एक ठेकेदार. खाडीकाठी सरकारची पडीक जागा आहे, तिथे हॉटेल काढायचंय, मंत्र्यांचा शब्द हवा. शेट सवयीने म्हणाले, "भवानी तुमची. झालं समजा." जागा नेमकी कुठली, एवढंही विचारलं नाही. दुकानात अशी चूक तेलाच्या बाटलीवर निभावते.

ठेकेदार जिना उतरताच बाजारभर सांगत सुटला. तासाभरात खाडीकाठच्या बायका आल्या. त्यांच्यातली आक्का माझं जुनं गिऱ्हाईक. तिने मला हाताला धरून माडीवर नेलं.

"शेट, ती जागा पडीक नाय," आक्का म्हणाली. "आमच्या सासवांपासून आमी तिथं मासळी सुकवतो. ती गेली तर सुकवायची कुठं? तुमच्या मंत्रालयाच्या गच्चीवर?"

शेटचा चेहरा उतरला. "आक्का, मी शब्द दिला गो. भवानीचा."

बायका मागे सरल्या. त्याही टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला त्यासुद्धा परत पाठवत नाहीत. भवानी मोडा, असं दुसऱ्याला कसं सांगायचं? आक्काने पदराने डोळे पुसले आणि चक्क जायला उठली.

माझं डोकं फिरलं. मंत्रीबिंत्री विसरून मी म्हटलं, "शेट, पहिल्या गिऱ्हाइकाने शेजारणीचं दुकान मागितलं तर तेही द्याल काय? माझा गाळा द्याल?"

 शेटनी ठेकेदाराला फोन लावला. "भाऊ, चूक माझी. न विचारता बोललो. हे काम माझ्याकडून होणार नाही."  ते खरंच घाबरले होते. भवानी मोडली की धंदा बसतो, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता.

आणि धंदा बसलाच. पुढच्या निवडणुकीत तिकीट त्या ठेकेदाराच्या भावाला मिळालं. बाजार म्हणाला, मोडली ना भवानी, आता भोगा. पण खुर्ची जायच्या आधी शेटनी मागे लागून ती जागा बायकांच्या सोसायटीच्या नावावर करून घेतली होती. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की दिवाळीला मी त्यांना सदरा शिवून दिला. मी, जिने जन्मात पुरुषाचा कपडा शिवला नव्हता. बाह्या आखूड झाल्या, तरी त्यांनी घातला.

शेट पुन्हा दोर विकू लागले. दुपारी मात्र खाडीवर जायचे. बायका जेवायला गेल्या की उपड्या खोक्यावर बसून, हातात काठी घेऊन कावळे हाकायचे. एकदा त्यांचा डोळा लागला आणि कावळ्यांनी बांगडे पळवले. आक्का भडकली, "राज्य सांभाळलंत, आणि चार बांगडे सांभाळता येत नाय?" शेट पोट धरून हसले. मंत्री असताना मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी शेट गेले. दहाव्याला बायका सहसा जात नाहीत, पण आम्ही गेलो. खाडीकाठी पिंड ठेवला, कावळा काही शिवेना. मुलगा म्हणाला, "दुकान नीट चालवीन." म्हणाला, "आईला अंतर देणार नाही." कावळे माडावर बसून नुसते बघत होते. मागून कुणीतरी पुटपुटलं की शेटची काठी विसरले नाहीत अजून.

मग आक्का पुढे झाली. हात जोडून म्हणाली, "शेट, ती जागा आमी कुणाला देणार नाय. आमच्या सुना तिथंच मासळी सुकवतील. तुमी निवांत जा."

माडावरून एक कावळा खाली आला. पिंडाला शिवला आणि चांगला ऐसपैस खात बसला. आम्ही सगळ्या डोळे पुसत उभ्या होतो. त्याला कुणी हाकललं नाही.