भिंतीला झालेला डिंक्या

माझे भासरे माझ्याशी बोलायचे तेव्हा भिंतीकडे पाहून बोलायचे.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोशी भासऱ्यानं सरळ बोलायचं नाही, असा आमच्याकडे जुना रिवाज. घरातले जुने देव गेले, पंचशील आलं, मी बी.एस्सी. करून पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, पण हा रिवाज जागचा हलला नाही. भासरे रामाकोन्याहून यायचे, खाटेवर बसायचे आणि समोर मी उभी असले तरी भिंतीला विचारायचे, "चहा भेटंन काय?" मग भिंतीच्या वतीनं मी चहा मांडायचे. आमचं दोघांचं असं छान जमलं होतं.

ऐंशीच्या दशकातल्या एका पावसाळ्यात ते असेच सासूबाईंच्या खोलीत बसले, भिंतीकडे वळले आणि चहाऐवजी म्हणाले, "अरे! हे काय होय?"

खाटेच्या उशाशी, जमिनीपासून हातभर उंच, सुपाएवढा काळाहिरवा डाग पसरला होता. बुरशी! मी तो डाग रोज पाहत होते (आणि रोज वाटत होतं, की रविवारी पाहू). भासऱ्यांनी बोट लावून पाहिलं, वास घेतला, आणि तेवढ्यात सासूबाईंना खोकल्याची उबळ आली. झालं! दोन गोष्टींचा संबंध जुळला.

"मायचा खोकला याच्यानं होय," त्यांनी भिंतीला सुनावलं. "पोळा झाला का पुढच्या रविवारी मी येतो न् मायले घेऊन जातो. माहं घर कोरडं आहे."

भिंत काही बोलली नाही. मीही नाही. पण मनात हिशोब सुरू झाला. सासूबाई गेल्या तर आमच्या तीन वर्षांच्या बबलीला दिवसभर कोण सांभाळणार? माझी नोकरी त्यांच्या जिवावर चालली होती. आणि खरं सांगायचं तर नोकरी ही नंतरची गोष्ट. शाळेतून आल्यावर "आली का माय? बस, पाणी पे" असं म्हणणारं माणूस मला त्या घरात हवं होतं. माझ्या स्वतःच्या आईनंही मला इतक्या वेळा बस म्हटलं नव्हतं.

पोळ्याला अजून तीन आठवडे होते. मी ठरवलं, त्या रविवारच्या आत भिंत स्वच्छ करायची. तीही शास्त्रीय पद्धतीनं!

"योग्य यंत्र निवडलं की निम्मं काम झालं," मी आमच्या ह्यांना सांगितलं. हे कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर. यंत्र म्हटलं की त्यांचे कान टवकारतात.

"ग्रीस आणू काय?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं.

पहिली निवड स्वस्तातली होती. तारेचा ब्रश आणि आमचा टेबल फॅन. ब्रशनं बुरशी खरवडायची आणि फॅननं भिंत लगेच वाळवायची. मी पदर खोचून खराखरा घासायला लागले आणि ह्यांनी फॅन पूर्ण जोरात सोडला. बुरशीचे बीजाणू हवेतून पसरतात, हे मी दरवर्षी आठवीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवते. फॅनपुढे उभी असताना मला ती आकृती आठवली नाही. चार-सहा दिवसांत समोरच्या भिंतीवर, लाकडी पेटीवर आणि ह्यांच्या लग्नातल्या बुटांवर हिरवी लव दिसायला लागली.

सासूबाईंनी आपली खाट छपरीत, म्हणजे बाहेरच्या पडवीत नेली आणि तिथून निरीक्षण नोंदवलं. "अवो मास्तरीणबाई, बिचारी एका कोपऱ्यात बसून होती. तुमी तं तिले सारं घर दाखवून आणलं!"

(मी चुकले की त्या मला मास्तरीणबाई म्हणत. एरवी नुसतं माय.)

मग आमच्या ह्यांनी निरोप पाठवून सौंसरहून जावईबापूंना बोलावलं. जावईबापू म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. त्यांची संत्र्याची बाग होती आणि झाडांच्या रोगांवर त्यांचा शब्द पंचक्रोशीत शेवटचा. आल्या आल्या ते आधी घरामागे गेले. तिथं त्यांनीच दिलेलं संत्र्याचं कलम मी लावलं होतं. ते पाहून खूश होऊन आत आले.

"वहिनी, कलम मस्त झालं! पाणी भरपूर भेटून राहिलं त्याले."

"झाडाचं राहू द्या, जावईबापू. भिंत पाहा."

त्यांनी भिंत बोटानं ठोकली, नखानं खरवडली, मान वर करून छताकडे असं पाहिलं, जसं काही तिथं फांद्या होत्या. मग गंभीर आवाजात निदान केलं, "डिंक्या."

"डिंक्या तं संत्र्याच्या झाडाले होते नं?" मी म्हटलं.

"हे बुरशीच होय का नाही?"

"होय."

"मंग! डिंक्याबी बुरशीच होय. बुरशीले काय मालूम, झाड होय का भिंत होय?"

मी विज्ञानाची पदवीधर. पाच मिनिटं विचार केला, पण मला उत्तर सापडलं नाही. (आजही सापडलेलं नाही.) इलाजही ठरला. डिंक्यावर चालतं तेच बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून फवारायचं. आता प्रश्न उरला पंपाचा, आणि तो प्रश्न माझा होता!

शनिवारी जावईबापू बसच्या टपावरून दोन पंप घेऊन उतरले. एक पाठीवर बांधायचा, दुसरा पायानं दाबायचा.

"पाठीवरचाच घ्या, वहिनी," ते म्हणाले. "लहान काम आहे."

"दाब जास्त कोणाचा?"

"पायपंपाचा. पण तो उंच झाडाले लागते. आपली खोली तं..."

"दाब जास्त तर बुरशी मुळासकट निघेल," मी निकाल दिला. "पायपंप!"

जावईबापूंनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी वर पाहिलं. दोघांचंही लग्न जुनं झालं होतं.

प्लास्टिकच्या बादलीत आकाशी रंगाचं पाणी तयार झालं. जावईबापूंनी त्यात विळा बुडवला, पातं तांबूस झालं, म्हणजे चुना कमी, तसा आणखी चुना ओतला, पुन्हा विळा बुडवला आणि समाधानानं मान हलवली. त्यांनी नळी धरली. ह्यांनी बादली धरली. पायपंपाच्या दांडीवर, निऱ्या वर खोचून, मी उभी राहिले.

"हळू, वहिनी," जावईबापू म्हणाले.

मला वाटलं, सासूबाई चालल्या रामाकोन्याला. मी दाबलं. जीव खाऊन दाबलं!

पहिल्या फवाऱ्यात बुरशी निघाली. दुसऱ्यात चुना निघाला. तिसऱ्यात मातीच्या छपाईचा, म्हणजे गिलाव्याचा, परातीएवढा पोपडा सुटून ह्यांच्या बादलीत पडला, बादलीतलं पाणी उसळून ह्यांच्या तोंडावर आलं, आणि "थांबा, थांबा!" म्हणत जावईबापू माझ्याकडे वळले ते हातातल्या नळीसकट. मी थांबेपर्यंत खोलीच्या चारही भिंती, छत, लाकडी पेटी, लग्नातले बूट आणि दोन कर्ते पुरुष एकसारखे निळे झाले होते.

छपरीतून सासूबाई म्हणाल्या, "रंग आपल्या झेंड्याचाच निघाला. पण दसऱ्याच्या मेळाव्याले अजून टाइम आहे नं?"

रविवार उजाडला तरी भिंती ओल्याच. हात लावला की हाताला निळं लागायचं. भासरे सकाळच्या बसनं येणार होते. आता वाळवायला खरं यंत्र पाहिजे होतं, आणि तेही मीच सुचवलं. जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, तोवर तिथली यंत्रं साफ करायचा ब्लोअर नुसता पडून असतो.

"छोटा आणू काय मोठा?" ह्यांनी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

मोठा ब्लोअर हातगाडीवरून आला. त्याची नळी खोलीत घेतली, मोटर छपरीत ठेवली. ह्यांनी बटण दाबलं आणि धावत येऊन नळी धरली. आधी घरघर झाली, मग नळी फुगली, मग क्षणभर काहीच झालं नाही. त्या क्षणात ह्यांचा चेहरा बदलला.

"अवं, हे नळी मागच्या हंगामापासून साफच केली नाही..."

पुढचं ऐकू आलं नाही. मागच्या हंगामाची सगळी रुई एका दमात बाहेर आली! खोलीत एकमेकांची तोंडं दिसेनात. रुई छताला चिकटली, जावईबापूंच्या भुवयांना चिकटली, आणि ओल्या निळ्या भिंतींवर तर अशी बसली, की जणू तिला तिथंच बोलावलं होतं. बटण बाहेर, आम्ही आत आणि दारात नळी आडवी. शेवटी सासूबाईंनी खाटेवर बसल्या बसल्या काठीच्या टोकानं बटण बंद केलं.

शांत झालं. आणि त्या शांततेत दारातून आवाज आला, "जयभीम!"

भासरे आत आले. समोर मी, म्हणून रिवाजाप्रमाणे त्यांनी नजर भिंतीकडे वळवली.

मागच्या खेपेला त्यांनी सुपाएवढा डाग पाहिला होता. आता जमिनीपासून छतापर्यंत चारही भिंतींवर बोटभर जाड पांढरी लव होती, मधून निळी झाक मारत होती, आणि काही काही जागी ती हलत होती. भासऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"एवढी?" त्यांनी कसंबसं विचारलं. "हे तं ब्याली, बाप्पा! पिल्लं झाले हिले!" मग छपरीकडे वळून ओरडले, "माय, गठुडं बांध! एक घडी राह्यचं नाही इथं."

माझे डोळे भरून आले. सांगायला तोंड उघडलं तर तोंडात रुई! जावईबापू आणि हे पंपाकडे पाहत उभे राहिले.

सासूबाई काठी टेकत आत आल्या. त्यांनी भिंतीवरची चिमूटभर रुई काढली, बोटांत वळून तिची वात केली आणि म्हणाल्या, "रुई चांगली आहे. मी नाही येत."

"काहून?"

"मी गेली तं हे तिघं भिंत सुकवाले घर पेटवतीन. पाहाले कोणी पाहिजेन का नाही?"

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. त्यांचं लुगडं निळं झालं, पण त्यांनी मला बाजूला केलं नाही. (खोकलाही आला नाही. दोन आठवडे छपरीत झोपून तो बराचसा गेला होता, पण इलाजाच्या गडबडीत ते पाहायला कुणाला वेळ होता?)

भासरे हात धुवायला न्हाणीत गेले. पाण्याचा आवाज आला, मग घरामागे त्यांच्या पावलांचा, आणि मग एक हाक. "हे नाली कोणं खोदली?"

आम्ही सगळे मागे गेलो. न्हाणीतून निघणारी नाली सासूबाईंच्या भिंतीच्या अगदी पायाला लागून संथपणे त्या मस्त झालेल्या कलमाकडे चालली होती. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी, दररोज, त्याच भिंतीच्या बुडाशी! माझ्या एकदम ध्यानात आलं. त्या पाठोपाठ जावईबापूंच्याही आलं, आणि ते रुईनं भरलेल्या भुवयांखालून कलमाची पानं मोजायला लागले.

सासूबाईंच्या मात्र काहीच ध्यानात आलं नाही. त्यांनी मान ताठ केली आणि अभिमानानं सांगितलं, "आमच्या मास्तरणीनं! सांडपाण्याचा सदुपयोग. शाळेच्या प्रदर्शनात पहिलं इनाम भेटलं तिले."

भासऱ्यांनी शेजाऱ्यांकडून फावडं आणलं. (इतक्या दिवसांत हे एकच यंत्र मी निवडलेलं नव्हतं.) त्यांनी ती नाली बुजवली आणि नवी काढून पार कुंपणाकडे वळवली. दिवाळीपर्यंत भिंत खडखडीत वाळली, पुढं कधी तिच्यावर डाग आला नाही आणि सासूबाईही आमच्याकडेच राहिल्या.

पण त्या दिवशी भासरे फावडं ठेवून आत आले, घाम पुसला आणि इतक्या वर्षांचा रिवाज मोडून त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमी शाळेत काय शिकवता?"

"विज्ञान," मी सांगितलं, भिंतीकडे पाहून.