खालच्या थरातला रघुवीर

रघुवीर घाडी सिग्नलला पडायचा आणि आम्ही हसायचो. दर रविवारी सकाळी दादरहून निघणाऱ्या आमच्या सायकल ग्रुपची ही ठरलेली करमणूक होती. माणूस लालबागचा, परळच्या एका कॉलेजात लॅब अटेंडंट, वय एकोणपन्नास. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तरी आम्ही सगळे त्याला अरेतुरे करायचो आणि तो आम्हाला अहोजाहो. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

पडण्याचं कारण त्याची नवी पेडलं. क्लिपलेस म्हणतात त्यांना. बुटाच्या तळाला एक पट्टी असते, ती पेडलमध्ये खटकन अडकते आणि पाय सायकलला जोडला जातो. उतरायचं तर टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची, की पाय सुटतो. फक्त हे थांबायच्या आधी करावं लागतं. रघुवीर ब्रेक दाबायचा, सायकल थांबायची, आणि दोन्ही पाय अडकलेल्या अवस्थेत हा गडी ताठच्या ताठ, कपाट कलंडावं तसा आडवा व्हायचा. टॅक्सीवाले खिडकीतून माना काढून बघायचे.

आम्ही पैज लावायचो. आज कुठे पडणार? प्रभादेवी, वरळी नाका की हाजीअली? ज्याचा सिग्नल बरोबर येईल त्याचा नाश्ता बाकीच्यांकडून. रघुवीरला हे ठाऊक होतं. उठून कोपराची धूळ झटकत तोच विचारायचा, "आज कोण जिंकलं?"

एकदा चहा पिताना त्याने आपली कथा सांगितली. चोवीस वर्षं तो दहीहंडीच्या पथकात खालच्या थरात उभा राहिला होता. "वर सात थर लागले तरी माझा अंगठा हलला नाय कधी, उन्मेषभाऊ. एकदा पायाखाली काच आली. रगत यायला लागलं, पण मी हललो नाय. बाजूने आमचे मास्तर ओरडायचे, 'खालचे, हलू नका!' ते ऐकलं की पाय जमिनीत गेलेच म्हणून समजा." गेल्या वर्षी त्याचा गुडघा सुजला, तर पथकातली पोरं म्हणाली, काका, तुम्ही आता बाजूला उभे राहा. तो बाजूला उभा राहिला, घरी आला आणि दुसऱ्या महिन्यात सायकल घेतली. आमचा ग्रुप दिवाळीत कोकणात जाणार होता. वाटेवर त्याचं गाव लागत होतं. "एकदा गावात माझ्या पायानं जायचंय," तो म्हणाला. "एस्टीनं काय, कोणी पण जातं."

मला त्याच क्षणी कळलं की तो का पडतो. तोल जायला लागला की पाय रोवायचे, हे त्याच्या अंगात चोवीस वर्षं मुरलं होतं. जित्याची खोड. एका वाक्याचं काम होतं: रघू, सिग्नल दिसला की लगेच पाय सोडव, थांबायची वाट बघू नकोस. मी ते वाक्य बोललो नाही. आमचा रविवार बेचव झाला असता.

ते वाक्य त्याला त्याच्या मुलीने सांगितलं. अक्षदा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. बापाचं फुटलेलं कोपर बघून तिने त्याला इमारतीच्या आवारात सायकलवर बसवून भिंतीला टेकवलं आणि रोज दोनशे वेळा टाच फिरवायला लावली. महिनाभर. गुडघ्याला शेक देऊन पुन्हा दोनशे. हे मला मागाहून कळलं. तोवर मी ग्रुपचा म्होरक्या म्हणून अट घालून बसलो होतो: एक रविवार न पडता पुरा करून दाखव, मग कोकणात चल. तो दाखवू शकणार नाही, अशी माझी खात्री होती.

त्या रविवारी प्रभादेवीला तो पडला नाही. वरळी नाक्याला नाही, हाजीअलीला नाही. सिग्नल लांब असतानाच डावी टाच फिरायची, पाय मोकळा, आणि गडी झोकात उभा. गिरगाव चौपाटीला पोचलो तेव्हा शीळ घालत होता. येताना भायखळ्यालाही तेच. सगळे पैज हरले. माझाच एक सिग्नल राहिला होता, लालबागच्या पुढचा, भारतमाता थिएटरचा.

माझ्या पोटात दुखू लागलं. नाश्त्यासाठी नव्हे. ज्याच्याकडे बघून मी स्वतःला बरा वाटायचो तो माणूस माझ्या हातून निसटत होता, आणि मला ते सहन होईना.

सिग्नल लाल झाला. मी त्याच्या बरोबर मागे होतो. त्याची टाच फिरू लागलेली मला दिसली, आणि मी छातीच्या जोराने ओरडलो, "खालचे, हलू नका!"

टाच जागच्या जागी थिजली. मान खाली गेली, खांदे आवळले, सायकल थांबली आणि रघुवीर उजव्या अंगावर कोसळला. कोपर खाली आलं. आवाज मला ऐकू आला. ग्रुपमधला स्वप्नील सवयीने हसला आणि म्हणाला, "उन्मेष, जिंकलास रे!" मग त्याला रघुवीरचा हात दिसला आणि तो सायकल टाकून धावला.

हाताचं ऑपरेशन झालं, आत धातूच्या पट्ट्या बसवल्या. हात आता पुरता सरळ होणार नाही, हँडल धरायचं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा अक्षदा खाटेजवळ स्टुलावर बसली होती. तिने सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "काका, बाबा म्हणतात तुम्ही मागून काहीतरी ओरडलात. काय ओरडलात?"

मी हातातली फळांची पिशवी ठेवायला जागा शोधू लागलो.

"अगो, काय विचारतंस त्यांका," रघुवीर पडल्या पडल्या म्हणाला. "मी डगमगलो ते त्यांना दिसलं. मला सावरायला ओरडले ते. मीच मेला पाय सोडायचा विसरलो. होय ना, उन्मेषभाऊ?"

"हो," मी म्हणालो.

अक्षदाचे डोळे भरून आले. तिने माझे आभार मानले, आणि उठून मला बसायला आपलं स्टूल दिलं. मी बसलो.