बोटभर मागे

सुकटीचा वास आला की बाभुळगावच्या आमच्या स्वयंपाकघरातली एक दुपार आठवते. कोकणात दिलेली थोरली बहीण सुकट घेऊन माहेरी आली होती आणि तिच्या गावच्या किनाऱ्याची झीज दाखवणारे, चाळिशी उलटल्यावर शिकून मी संगणकावर रचलेले पहिले प्रारूप तिला संकोचतच दाखवत होतो. समुद्राची निळी रेघ वर्षागणिक आत सरकत तिच्या अंगणावरून, मग घरावरून गेली. “बाबू, माह्यं घर बोटभर मांगं सरकव ना,” ती हसत म्हणाली. मी सरकवले, पण मागे खाडी होती, घर तिच्या पाण्यात उतरले. “मंग राहू दे जिथल्या तिथं,” म्हणत ती भाकरी थापायला उठली. आता फोनवर ती इकडच्या कपाशीची चौकशी करते. समुद्र कुठवर आला, हे मी विचारत नाही आणि तीही सांगत नाही.