कोऱ्या कापडावरचा चेहरा

गुरुवार, १४ नोव्हेंबर १९९१. सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं. भिवंडीत, कामतघरच्या चाळीत यादव कोंडू रोकडे चिमट्याने रंगाचा एक पोपडा उचलतो. पोपडा तांदळाच्या कणीएवढा आहे. त्याच्या पाठीला पातळ सरस लावायचा, कॅनव्हासवर एका तरुणाच्या कपाळाच्या जागी तो ठेवायचा आणि बोटाने दाबून धरायचा. घाई करावी लागते. भिंतीपलीकडे कापड विणणारे सोळा लूम आहेत. ते चालू असले की टेबल थरथरतं आणि पोपडे सरकतात. पाळी बदलताना कामगार लूम पुसतात, तेल देतात. तेवढी वीस मिनिटं यादवची.

यादव बावन्न वर्षांचा आहे. धंदा पाट्या रंगवण्याचा. दुकानांची नावं, ट्रकचे नंबर, कारखान्याच्या दारावर 'बिडी पिण्यास मनाई'. तैलचित्र दुरुस्त करायला तो कुठे शिकलेला नाही. गावात ते काम करणारं दुसरं कोणी सापडलं नाही, म्हणून चित्र त्याच्याकडे आलं.

चित्र इक्बालचं. मुंबईत चित्रकला शिकणाऱ्या एका दोस्ताने १९७९ मध्ये त्याला समोर बसवून काढलेलं. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यातल्या दंगलीत इक्बाल मारला गेला. घर जळालं, त्यात फोटोही गेले. चित्र घरामागच्या त्यांच्या लूमच्या ऑफिसात होतं म्हणून उरलं, पण धुराने काळं झालेलं, आग विझवताना भिजलेलं, हनुवटीखाली फाटलेलं. इक्बालने सातवीत शाळा सोडली होती, पासपोर्ट कधी काढला नव्हता. नातेवाइकांकडेही त्याचा एक फोटो निघाला नाही. सहा वर्षं चित्र कपाटामागे उभं होतं. गेल्या वर्षी दिवाळीआधी त्याची आई हबीबा ते घेऊन यादवकडे आल्या. धाकटा मुलगा अय्यूब बरोबर होता.

"डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय," हबीबा म्हणाल्या. "पूर्ण अंधार व्हायच्या आधी एकदा त्याचं तोंड बघायचंय. बाकी काही नको."

सुरुवात बरी झाली. काडीला कापूस गुंडाळून, थुंकीने ओला करून यादवने तीन आठवडे काजळी काढली. कपाळ दिसलं, भुवया दिसल्या, मिटलेले ओठ दिसले. पण हबीबांना बोलवायचं ते पाठीमागचं काम झाल्यावर, असं त्याने ठरवलं. कॅनव्हास कुजला होता, त्याला मागून नवं कापड हवं होतं.

भिवंडीत कोणीही घेतलं असतं तेच त्याने घेतलं. अय्यूबच्या लूमवरचं जाड कोरं कापड आणि सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमधली कांजी. हजारो धागे रोज ज्या कांजीने ताठ होतात तिच्यावर शंका घ्यायचं कारण नव्हतं. चित्र वर्तमानपत्रावर पालथं घातलं, मागे कांजी फासली, कापड चढवलं, वर लाद्या ठेवल्या. लूमवरून उतरलेल्या कापडाला पाणी माहीत नसतं. पहिल्यांदा भिजलं की ते आटतं. हेही आटलं, आणि जुन्या कॅनव्हासला ओढत आटलं. तिसऱ्या दिवशी यादवने चित्र सुलटं केलं तेव्हा कपाळ, भुवया, डोळे, नाक आणि गाल पोपडे होऊन वर्तमानपत्रावर राहिले होते.

"कोरं कापड भिजवल्याबिगर मी पोराचं झबलंपन शिवत न्हाय," बायको द्रौपदी म्हणाली.

"मग तेव्हा का नाय बोललीस?"

"मला वाटलं, तुला ठावं हाय. लूमच्या गावात जन्म काढलास ना!"

यादवने पोपडे डब्याच्या झाकणात गोळा केले आणि हबीबांना खरं सांगितलं. अय्यूब म्हणाला, "यादवभाई, नवीनच काढून टाका ना. हात आहे तुमचा."

"मी इक्बालला कधी बघितलं नाही," यादव म्हणाला. "काढीन, पण तो कुणीतरी दुसराच होईल."

तेव्हापासून एक वर्ष तो पोपडे जोडतो आहे. कुठला पोपडा कुठे हे रंगावरून कळेना तेव्हा तो हबीबांना विचारू लागला. नाकाचा बाक आणि डाव्या भुवईची उंची त्याने त्यांच्या सांगण्यावरून बसवली.

आज नऊ वाजता मायलेक रिक्षाने आले. यादवने एक पोपडा तळहातावर घेतला. त्यावर काळा ठिपका होता.

"खाला, हा तीळ दिसतो. कुठल्या गालावर?"

"उजव्या," हबीबा लगेच म्हणाल्या. "हसला की वर जायचा."

अय्यूबने तो पोपडा निरखून पाहिला. मग म्हणाला, "अम्मी, तो तीळ माझा आहे."

त्याने वाकून गाल पुढे केला. हबीबांनी बोटाने चाचपून पाहिलं.

"मग भाईचा कुठे होता?"

"भाईला तीळ नव्हता."

यादवने पोपडा झाकणात ठेवला. ठिपका काजळीचा असावा. हबीबा चित्राकडे तोंड करून बसल्या. नाक, भुवई, ज्या ज्या गोष्टी त्यांनी सांगितल्या होत्या त्या समोर चिकटलेल्या होत्या.

"तुला आठवतो का रे?" त्यांनी अय्यूबला विचारलं. इक्बाल गेला तेव्हा अय्यूब चौदा वर्षांचा होता.

"त्याची चप्पल आठवते. मला मोठी व्हायची."

"तोंड विचारते मी."

अय्यूबने मान हलवली. नाही.

"बंद कर, यादव," हबीबा म्हणाल्या. "आता मी सांगेन ते खोटं, आणि तू जोडशील तेपण खोटं. घरी नेता येईल का?"

"रिक्षात हादरे बसतील. आहे तेही पडेल."

"मग राहू दे इथंच."

द्रौपदीने चहा आणला. अय्यूबने घेतला, हबीबांनी घेतला नाही. त्यांना रिक्षापर्यंत सोडून यादव परत आला. चित्रावर प्लास्टिक घालून त्याने ते टेबलासकट भिंतीला सरकवलं आणि आठवडाभर टाळलेल्या एका कामाला होकार कळवला.

उद्या शुक्रवार. भिवंडीतल्या लूमना शुक्रवारी सुट्टी असते. कामतघरात दिवसभर काही हलत नाही, टेबलावरचा पोपडाही सरकत नाही. यादव सकाळी आठच्या बसने कशेळीला जाईल. तिथल्या एका गोदामाच्या सात शटरांवर नंबर टाकायचे आहेत.