मनगटावरचं नाव

ते प्रकरण अजूनही माझ्या मनातून गेलेलं नाही. तसं पाहिलं तर त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. नोकरीच्या शेवटच्या काळात मी घाटाखालच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून डाक बघत बसलो होतो, तेव्हा चिखलीहून वर्ग झालेली एक फिर्याद समोर आली. घटना आमच्या हद्दीतल्या धरणावरची, म्हणून तपास आमच्याकडे.

फिर्यादी चिखलीची एक बाई. तिचा नवरा पाणबुड्या. पाठीवर हवेची टाकी बांधून धरणाचे अडकलेले दरवाजे, पंपाच्या जाळ्या अशी पाण्याखालची कामं करायचा. गोव्यात राहून रीतसर शिकून आलेला. त्या दिवशी तो दरवाजाच्या कामासाठी दोनदा तळाशी उतरला, एकदा सकाळी आणि एकदा जेवणानंतर. काम संपल्यावर जीपने राजूर घाट चढत असताना त्याचे खांदे आणि गुडघे ठणकू लागले. बुलढाणा येईपर्यंत पाय बधिर झाले होते.

तिथल्या डॉक्टरांनी मला साध्या भाषेत समजावलं. खोल पाण्यात श्वासावाटे घेतलेल्या हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. पाणबुड्या बेताने खाली राहिला आणि थांबत थांबत वर आला, तर तो श्वासावाटे निघून जातो. नाहीतर रक्तात त्याचे बुडबुडे होतात. त्यात डुबकीनंतर लगेच घाट चढला, की हवेचा दाब आणखी उतरतो आणि दुखणं वाढतं. किती वेळ खाली राहायचं, कुठे थांबायचं, हे सांगणारं एक यंत्र मनगटावर बांधतात. त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. रुग्णाला दाबाच्या खोलीत ठेवून ऑक्सिजन देणं गरजेचं होतं, म्हणून त्याला मोठ्या शहरात हलवण्यात आलं होतं.

फिर्यादीत बाईने स्पष्ट नाव घेतलं होतं. उंद्रीचा दुसरा पाणबुड्या माझ्या नवऱ्यावर जळतो, त्यानेच यंत्रात गडबड केली.

आमच्या हवालदाराने धरणाजवळच्या चहाच्या टपरीवर विचारपूस केली, तर तिथेही तीच खबर. उंद्रीवाला त्या मनगटावरच्या यंत्राला घडी म्हणायचा. चारचौघांत म्हणाला होता, "घडी पाहून पोहनारा एक दिवस घडीनंच जाईन."

मी त्याला बोलावून घेतलं. पन्नाशीचा, रुंद छातीचा माणूस. संशयिताला मी एकदम गुन्ह्याबद्दल विचारत नसे. आधी त्याच्या कामाबद्दल विचारायचो. माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की त्याला खोटं बोलताना जास्त कष्ट पडतात.

"जळतो मी त्याच्यावर, साहेब. खोटं काऊन बोलू?" तो म्हणाला. "अख्ख्या जिल्ह्याचं पानी मी पाह्यलं. हा गोव्याहून आला, हातात घडी बांधली, अन् ठेकेदार त्याले 'या सर' म्हनू लागले. त्या दिवशी मले काय काम देल्लं? काठावर त्याच्या कमरेची दोरी धरायचं!"

"मग घडीला हात लावलास?"

"काही करायचंच असतं तं घडीले काऊन हात लावू? दोरी होती ना माह्या हातात."

"मग कोणी लावला?"

"त्याच्या बायकोनं. डबा घेऊन आली होती. तो जेवून झाडाखाली झोपला, तवा ती घडी घेऊन बसली होती. बटनं दाबून राह्यली होती."

मी जबाब लिहून घेतला, पण विश्वास ठेवला नाही. अंगावर आलेलं दुसऱ्यावर ढकलणारे मी रोज पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी शहरातल्या रुग्णालयात गेलो. बायको उशाशी बसून त्याला मोसंबीची फोड भरवत होती. मला पाहताच तिने विचारलं, "धरलं का त्याले?" नवऱ्याने मात्र तोंड फिरवलं.

"साहेब, चूक माही होये. कोनावर केस नका करू."

"पाण्यात जाण्याआधी यंत्र तपासलं होतं?"

"पाह्यलं होतं."

"मग?"

"मग काय, माहीच चूक." मी त्याच्या बायकोला पाणी आणायला पाठवलं, तरी तेच. जखमी माणूस आरोपीला वाचवतो तेव्हा एक तर भीती असते, नाहीतर माया. उंद्रीवाल्याबद्दल त्याला दोन्ही नव्हतं. यंत्र कुठून घेतलं, एवढंच त्याने सांगितलं. गोव्यात त्याला शिकवणाऱ्या बाईंकडून, वापरलेलं.

मी बाहेरच्या व्हरांड्यातून त्या बाईंना फोन लावला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "पाय हलवतोय का तो?" थोडे हलवतो म्हटल्यावर त्यांचा आवाज जरा सैल झाला.

"माझंच यंत्र त्याला निवडून दिलं मी. तो स्वस्तातलं नवीन घेणार होता, बारीक आकड्यांचं. मी म्हटलं, तुमच्या धरणाच्या गढूळ पाण्यात ते दिसायचं नाही. मोठे आकडे हवेत, मनगटाला थरथर देणारा इशारा हवा. शिवाय तुमची धरणं समुद्राच्या पातळीवर नाहीत, उंचीचा हिशेब धरणारं घे. एक मात्र राहून गेलं. चालू केलं की त्यावर माझं नाव येतं. बदलून घे म्हटलं होतं."

"ते पुसायला कोणी भलतीच बटणं दाबली तर?"

"नुसतं नाव बदलता येतं. पण सगळंच पुसून टाकलं तर सकाळची डुबकीही पुसली जाते. यंत्राला वाटतं, हा माणूस आज पहिल्यांदाच पाण्यात उतरतोय. ते त्याला खाली जास्त वेळ राहू देतं."

फोन ठेवला आणि उंद्रीवाल्याचा जबाब मला पुन्हा आठवला.

फिर्यादी बाईला ठाण्यात बोलावलं तेव्हा महिला शिपाई शेजारी बसवली होती. पंचनाम्यात जप्त केलेलं यंत्र मी टेबलावर ठेवलं आणि चालू केलं. काच उजळली. नाव आलं नाही. बाईची नजर काचेवरून हलेना.

"यावर आधी एक नाव यायचं," मी म्हणालो.

"मले म्हनले दुकानातून नवी आनली." तिचा आवाज चढला. "अन् चालू केली तं बाईचं नाव! पहा साहेब, त्या घडीले मऊ कपड्यानं पुसत. माह्याकडं कधी तेवढं निरखून पाह्यलं नाही. त्या दिवशी डबा घेऊन गेली, तं घडी हातात धरूनच झोपलेले. मले राहवलं नाही. मोबाईलचं पुसतो तसं सारं पुसून टाकलं. म्हनलं, जाऊ दे तिले."

मग यंत्रातून काय काय पुसलं गेलं ते मी तिला सांगितलं. ऐकता ऐकता तिने पदर तोंडात धरला. फिर्याद तिने खरी मानूनच दिली होती, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

त्यानंतर नवऱ्याने जबाब दिला. काठावर यंत्र चालू करतानाच नाव आणि सकाळची नोंद गेलेली त्याने पाहिली होती आणि ते कोणी पुसलं तेही ओळखलं होतं.

"मग उतरलास कशाला?"

"उंद्रीवाला दोरी धरून उभा होता, साहेब. मी माघार घेतली असती तं काम त्याले भेटलं असतं. अन् इकडं बायकोचं नाव सांगतलं असतं तं तुमी तिले आत टाकलं असतं."

आम्ही न्यायालयात 'क' समरी पाठवली, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. तो आज काठी घेऊन चालतो. पाण्यात उतरत नाही. काठावर उभा राहून इतरांचं काम बघतो, आणि यंत्राची स्मृती गेली असेल तर त्या दिवशी कोणालाही उतरू देत नाही. डुबकीनंतर घाट चढण्याआधी माणसांना खालीच मुक्काम करायला लावतो.

मी या प्रकरणातून तपासाची एक गोष्ट शिकलो. कोणाचं नुकसान झालं की आपण त्याचे वैरी मोजायला लागतो. त्यानंतर मी जिवाभावाच्या माणसांची चौकशीही तितकीच बारकाईने केली. मत्सर वैऱ्याच्या मनात असतो तसाच घरातही असतो, आणि घरातल्या माणसाचा हात आपल्या सामानापर्यंत सहज पोचतो.

शेवटच्या जबाबावर सह्या झाल्या त्या दिवशी नवरा पायऱ्या उतरून रिक्षाकडे गेला. बाई दारातून परत फिरली. माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, "साहेब, तुमी बोलले ना तिच्याशी. किती वयाची असन?"

मला ठाऊक नव्हतं. "साठीच्या पुढची," मी म्हणालो.

ती क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. संशयिताकडे मी बघायचो, अगदी तसंच.

"आवाजावरून समजते का तेवढं?" असं म्हणून ती पायऱ्या उतरली आणि रिक्षात नवऱ्याच्या शेजारी, त्याला अगदी खेटून बसली.